हॅकिन्टॉशची झोप आणि हरवणारं नेट: एक प्रकरण

ॲपलचं नसलेल्या, सुटे भाग जोडून बांधलेल्या पीसीवर मॅकओएस चालवलं की त्याला हॅकिन्टॉश म्हणतात. अशाच एका मशीनच्या तक्रारी दोन होत्या. स्लीप दिलं की मशीन काही सेकंदांत आपोआप उठतं, ही पहिली. रात्रभर कसंबसं झोपलंच, तर सकाळी इंटरनेट गेलेलं असतं आणि लॅनची केबल काढून परत लावली की येतं, ही दुसरी. मशीन माझ्या आतेभावाचं, पुण्यात धायरीला. दादा घरीच ध्वनिमुद्रण आणि संकलन करतो आणि त्याचं सगळं काम लॉजिक प्रो या ॲपलच्या, फक्त मॅकवर चालणाऱ्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. त्यामुळे मॅकओएस सोडून दुसरीकडे जाणं त्याला शक्य नव्हतं.

यंत्र असं: इंटेलचा दहाव्या पिढीचा आय५-१०४००, एच४७० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. मॅकओएस व्हेंचुरा एनव्हीएमई एसएसडीवर, विंडोज वेगळ्या साटा एसएसडीवर. बोर्डावर इंटेल आय२१९-व्ही हे गिगाबिट लॅन. वायफाय आणि ब्लूटूथसाठी ब्रॉडकॉम ९४३६० चिपचं कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसवलेलं. या कार्डाची एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. त्याचं वायफाय स्लॉटमधून चालतं, पण ब्लूटूथ मात्र एका छोट्या वायरने बोर्डावरच्या यूएसबी हेडरला (आतल्या जोडणीच्या पिनांना) जोडावं लागतं. म्हणजे ब्लूटूथ कॅबिनेटच्या आत असलं तरी मशीनच्या दृष्टीने ते एक यूएसबी उपकरण असतं.

मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर ओपनकोअर, आणि मॅकओएसपुढे मशीनने घेतलेली ओळख आयमॅक २०,१ ची, म्हणजे २०२० सालच्या २७ इंची आयमॅकची. परवान्याबद्दलही सांगतो, कारण लोक विचारतात. ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवायची मुभा देतो. सायस्टार नावाच्या अमेरिकी कंपनीने २००८ पासून अशी यंत्रं विकायला काढली होती आणि २००९ मध्ये न्यायालयात ती हरली. म्हणून दुसऱ्याला विकण्यासाठी हॅकिन्टॉश बांधून द्यायला मी नाही म्हणतो. घरचं मशीन दुरुस्त करण्यापुरतंच हे काम.

ओपनकोअर, त्याची सेटिंग आणि लागणारे ड्रायव्हर ज्यात असतात तो ईएफआय फोल्डर पहिल्यांदा उघडून पाहिला आणि बराच उलगडा तिथेच झाला. दादाने तो स्वतः बांधलेला नव्हता. ओळखीतल्या एकाने आपला चालता फोल्डर दिला होता. प्रोसेसर तोच, ओळख तीच, पण बोर्ड वेगळा. "त्याच्याकडे सगळं चालतं, मग माझ्याकडे का नाही?" हा दादाचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर बोर्डात आहे. प्रोसेसर सारखा असला म्हणून यूएसबीची वायरिंग, लॅनची चिप, बायोसमधल्या एसीपीआय तक्त्यांची (बोर्डावर कुठली उपकरणं आहेत आणि त्यांची वीज कशी सांभाळायची ते यंत्रणेला सांगणाऱ्या) रचना सारखी नसते, आणि झोप-जाग आणि नेटवर्क या दोन्ही गोष्टी नेमक्या याच तीन ठिकाणी अडतात. तयार ईएफआय घेऊन मशीन सुरू होतं, पडदा येतो, आवाज येतो, आणि माणसाला वाटतं काम झालं. झोपेची परीक्षा सगळ्यात शेवटी होते.

फोल्डर लगेच बदलायचा मोह मी आवरला. आहे त्या स्थितीत एका पेनड्राइव्हवर त्याची प्रत घेतली, ती प्रत बूट होते हे तपासलं आणि मग मशीनकडूनच साक्ष घेतली. टर्मिनलमध्ये पीएमसेट ही आज्ञा झोपेच्या सगळ्या नोंदी दाखवते: केव्हा झोपलं, कशामुळे झोपलं, केव्हा उठलं, कोणी उठवलं. त्याच आज्ञेचा दुसरा पर्याय या क्षणी झोपेला कोण अडवतंय ते सांगतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. "झोपतच नाही" आणि "झोपून उठतं" यांची कारणं वेगळी असतात. दादा मात्र दोन्हीला "स्लीप चालत नाही" असंच म्हणत होता.

झोपेला अडवणाऱ्यांच्या यादीत कोअरऑडिओडी हा मॅकओएसचा ध्वनी सांभाळणारा प्रोग्राम सापडला. लॉजिक उघडं असून ऑडिओ इंटरफेस चालू असेल, तर मॅकओएसची ध्वनियंत्रणा मशीनला आपोआप झोपू देत नाही. खऱ्या मॅकवरही हेच होतं आणि ते योग्यच आहे, नाहीतर मुद्रण चालू असताना मशीन झोपी जाईल. हा दोष नव्हता. काम संपलं की लॉजिक बंद कर, एवढंच दादाला सांगितलं आणि तक्रारीचा तेवढा भाग तिथेच मिटला.

उरलेला भाग म्हणजे झोपून लगेच उठणं. तिथे नोंदीत जागं होण्याचं कारण म्हणून चार नावं एकापुढे एक आली होती: जीलॅन, एक्सडीसीआय, एचडीएएस, एक्सएचसी. जीलॅन म्हणजे बोर्डावरचं लॅन, एक्सएचसी म्हणजे यूएसबी नियंत्रक, एक्सडीसीआय हाही यूएसबीचाच भाग, एचडीएएस म्हणजे ध्वनी. चौघांनी एकाच क्षणी मशीन उठवलं असेल असं नाही. एसीपीआयमध्ये प्रत्येक उपकरणाशी एक नोंद असते: मला मशीन उठवायचं असेल तर मी अमुक क्रमांकाची घंटा वाजवीन आणि अमुक इतक्या खोल झोपेपर्यंतच उठवू शकेन. इंटेलच्या अलीकडच्या चिपसेटवर बोर्डावरची बरीच उपकरणं एकच घंटा वापरतात, सोळाच्या पटीतल्या (हेक्साडेसिमल) भाषेत ६डी. घंटा वाजल्याचं मॅकओएसला कळतं, पण दोरी कोणी ओढली ते कळत नाही, म्हणून ते त्या घंटेशी जोडलेली सगळी नावं लिहून मोकळं होतं. पुष्कळ लोक यादीतलं पहिलं नाव पकडून त्याच्या मागे लागतात आणि वेळ घालवतात. अशा वेळी एकेक उपकरण प्रत्यक्ष बाजूला काढून पाहणं हाच मार्ग.

तसंच केलं. कीबोर्ड-माउस सोडून बाहेरचं सगळं यूएसबी सामान काढलं, लॅनची केबलही काढली. मशीन तरीही उठत होतं, फक्त थोडं उशिरा. मग कॅबिनेट उघडून ब्लूटूथची आतली वायर हेडरमधून काढली. मशीन झोपलं आणि झोपूनच राहिलं. आता वायर तशीच काढलेली ठेवून लॅनची केबल लावली. पुन्हा जाग. म्हणजे दोरी ओढणारे दोघं होते आणि एकाला बाजूला केलं तरी दुसरा मशीन उठवत होता. इतके दिवस दादाचा प्रत्येक उपाय फसत होता, त्याचं कारण हेच.

आधी ब्लूटूथ घेतलं. मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकावर १५ पोर्टच मोजतं. यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट खातं, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या वेगाचं, त्यामुळे साध्या बोर्डावरही १५ चा आकडा सहज ओलांडला जातो. पूर्वी ओपनकोअरमधला एक पर्याय ही मर्यादा उठवायचा, पण मॅकओएस ११.३ पासून तो नीट चालत नाही. म्हणून कुठले १५ पोर्ट ठेवायचे आणि प्रत्येक पोर्ट कुठल्या जातीचा आहे, याचा नकाशा स्वतः करावा लागतो. दादाच्या फोल्डरमध्ये नकाशा होता, पण दुसऱ्या बोर्डाचा. हा नकाशा कुठल्या मशीनला लागू करायचा हे आयमॅक २०,१ या ओळखीवरून ठरतं, बोर्डावरून नाही. ओळख जुळली म्हणून परका नकाशाही बिनतक्रार लागू झाला होता. त्यात ब्लूटूथच्या हेडरचा क्रमांक बाहेरचं यूएसबी ३ भोक म्हणून लिहिलेला होता. आतलं, कधीही न काढलं जाणारं उपकरण म्हणजे जात २५५. बाहेरचं यूएसबी ३ म्हणजे ३. या एका आकड्यामुळे मशीन आतल्या ब्लूटूथला कोणीतरी बाहेरून खोचलेल्या पेनड्राइव्हसारखं वागवत होतं.

नवा नकाशा विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स वापरून केला. एक यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह प्रत्येक भोकात घालून कुठला क्रमांक जागा होतो ते टिपत जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही, आणि हे दुसऱ्याकडून आयतं घेता येत नाही. ब्लूटूथच्या हेडरला २५५ दिलं. बोर्डावरच्या रंगीत दिव्यांचा नियंत्रकही आतून यूएसबीवरच असतो, तो नकाशातून वगळला, कारण मॅकओएसला त्याचं काहीच काम नाही. दादाचा ऑडिओ इंटरफेस जिथे लागतो ते मागचं भोक ठेवलं आणि पुढच्या पॅनेलचं एक सोडून दिलं. त्याच बैठकीत झोपेत आणि जागेपणी यूएसबीला किती वीज द्यायची ते सांगणारी यूएसबीएक्स नावाची एसएसडीटी (एसीपीआय तक्त्यांना जोडायची छोटी पुरवणी) आहे की नाही तेही पाहिलं. ती नव्हती, टाकली. ब्लूटूथची वायर परत लावली, लॅनची केबल काढलेली ठेवली, झोप दिली. मशीन झोपून राहिलं.

आता लॅन. ऊर्जा बचतीच्या सेटिंगमध्ये "नेटवर्कसाठी जागं व्हा" असा एक पर्याय असतो, पीएमसेटच्या भाषेत वॉम्प. तो चालू असला की नेटवर्क चिप झोपेतही कान उघडे ठेवते. तो बंद केला, बायोसमधलं वेक-ऑन-लॅनही बंद केलं. केबल लावलेली असतानाही मशीन शांत झोपलं.

इथे माझं कुतूहल वाढलं, कारण रात्रीच्या नोंदींत आणखी एक गोष्ट होती आणि ती याच पर्यायाशी जोडलेली निघाली. झोप टिकलेल्या रात्रींतही मशीन साधारण दर दोन तासांनी अर्धवट जागं होत होतं. पडदा काळा, पण पंखे फिरतात, ग्राफिक्स कार्ड गरम होतं. मॅकओएस याला डार्कवेक म्हणतं. झोपताना यंत्रणा पुढच्या जागेची वेळ लावून ठेवते, आणि ती वेळ मागणाऱ्याचं नाव नोंदीत होतं: एमडीएनएस-रिस्पॉन्डर, कारण देखभाल, अंतर ७,२०० सेकंदांच्या अगदी जवळ. नेटवर्कवर उपकरणांनी एकमेकांना शोधायची ॲपलची सोय म्हणजे बॉन्जूर, हा तिचा सेवक. मशीन झोपलेलं असतानाही ते नेटवर्कवर सापडावं म्हणून त्याची नोंद घरातल्या दुसऱ्या ॲपल उपकरणाकडे ठेवता येते, आणि ती नोंद ताजी करायला मशीन ठरावीक वेळाने उठतं. खऱ्या आयमॅकवर हे मालकाच्या लक्षातही येत नाही. बांधलेल्या मशीनवर ग्राफिक्स कार्ड, यूएसबी आणि लॅन यांना या अर्धवट जागेतून पुन्हा पूर्ण झोपेत नीट जाणं प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. वॉम्प बंद केल्यावर या दोन तासांच्या नोंदी थांबल्या. झोपेतच मेल वगैरे ताजं करणारं पॉवर नॅपही बंद केलं. झोपेतही नेटवरची जोडणी धरून ठेवणारं टीसीपी कीपअलाइव्ह मात्र मी तसंच ठेवलं. ते बंद करताना "फाइंड माय मॅक" नीट चालणार नाही असा इशारा मॅकओएस स्वतः देतं, आणि झोप टिकत असताना ते गमावायचं कारण नव्हतं.

बूटच्या वेळी दिलेल्या सूचनांमध्ये "डार्कवेक बरोबर आठ" असंही कोणीतरी लिहून ठेवलेलं होतं. हे वर्षानुवर्षं एका फोल्डरमधून दुसऱ्यात चालत आलेलं आहे. डार्कवेकच्या सध्याच्या ध्वजांमध्ये आठ किमतीचा ध्वजच नाही. काढून टाकलं आणि झोपेत काहीही फरक पडला नाही. अर्थ माहीत नसलेली सूचना फोल्डरमध्ये राहिली की पुढच्या वेळी शोध घेणाऱ्याला तिचाही संशय धरावा लागतो, म्हणून ती काढणंच बरं.

आता सकाळी हरवणारं नेट. नेट गेलेलं असताना आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसायचा, म्हणजे राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे मशीनने स्वतःच स्वतःला दिलेला. कधीकधी मात्र त्याही आधीची पायरी मोडलेली असायची आणि केबलच लावलेली नाही असं मशीन म्हणायचं. दोन्हींत राउटर बदलण्यापूर्वी मशीनकडे पाहावं, कारण त्याच राउटरवर दादाच्या वहिनीचा लॅपटॉप व्यवस्थित चालत होता.

फोल्डरमध्ये लॅनसाठी दोन केक्स्ट, म्हणजे मॅकओएसचे ड्रायव्हर, होते: इंटेलमाउसी आणि तो ज्याच्यावर आधारलेला आहे तो जुना केक्स्ट. दोघंही एकाच चिपवर हक्क सांगणारे. शिवाय रिअलटेकच्या चिपसाठीचाही एक होता, जो या बोर्डावर निरुपयोगी. जुना आणि रिअलटेकचा दोन्ही काढले, इंटेलमाउसीची ताजी आवृत्ती ठेवली. रात्रीचे डार्कवेक थांबल्यावर आणि केक्स्ट एकच राहिल्यावर नेट हरवणं बरंच कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही.

राहिलेल्या प्रसंगांत आयएफकॉन्फिग या टर्मिनलमधल्या आज्ञेने दाखवलेली ओळ उपयोगी पडली. जोडणीच्या वर्णनात गिगाबिट, फुल डुप्लेक्स, फ्लो कंट्रोल, आणि शेवटी एनर्जी एफिशियंट इथरनेट असं लिहिलं होतं. वाहतूक नसताना दोन्ही टोकांनी वीज वाचवायची अशी ही सोय आहे, आणि ती चालायला दोन्ही टोकांचं नीट जमावं लागतं. जागं होताना दोन्ही बाजू नव्याने बोलणी करतात आणि ती इथे अडत होती. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या तपशिलात हार्डवेअर या भागात जाऊन स्वयंचलित ऐवजी स्वतः निवड केली: वेग १००० बेस-टी, फुल डुप्लेक्स आणि फ्लो कंट्रोल, ऊर्जाबचतीशिवाय. त्यानंतर झोपेतून उठल्यावर नेट गेल्याचं दादाने कळवलेलं नाही.

एक प्रसंग मात्र या चौकटीत बसत नव्हता. झोप दिलेलीच नसताना, मशीन नुकतंच सुरू केल्यावरही एकदोनदा लॅन मेलेलं होतं. विचारलं तेव्हा कळलं की त्या दिवशी दादाने विंडोजमध्ये हिशेबाचं काम करून थेट रीस्टार्टने मॅकओएसमध्ये प्रवेश केला होता. विंडोजचा ड्रायव्हर बंद होताना चिपला जागृतीच्या वाट पाहण्याच्या अवस्थेत ठेवतो, आणि बोर्डाची वीज पूर्ण न तुटल्यामुळे ती त्याच अवस्थेत मॅकओएसच्या हाती येते. खूण सोपी: वीजपुरवठ्याचं मागचं बटण बंद करून बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबलं की लॅन परत येतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं, लॅनच्या ड्रायव्हरमधलं बंद असतानाचं वेक-ऑन-लॅन बंद केलं. हा झोपेचा प्रश्नच नव्हता, पण नेट हरवतं या एकाच नावाखाली तो मिसळला होता.

ॲप स्टोअरमध्ये लॉगिन करताना हे उपकरण पडताळता येत नाही असा संदेश यायचा, तोही याच कामात सुटला. मॅकओएस ईएन० या नावाची नेटवर्क जोडणी अंगभूत असावी अशी अपेक्षा धरतं. दादाने पहिल्यांदा मॅकओएस बसवलं तेव्हा लॅनचा केक्स्ट चालत नव्हता, म्हणून ईएन० वायफाय कार्डाकडे गेलं, आणि ते कार्ड अंगभूत म्हणून नोंदलेलं नव्हतं. वायफाय कार्ड तात्पुरतं काढलं, सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमधल्या नेटवर्कची सेटिंग साठवणाऱ्या दोन पीलिस्ट फाइल पुसल्या, मशीन सुरू करून ईएन० लॅनकडे गेल्याची खात्री केली, मग कार्ड परत बसवलं.

आता ज्याची लोक सगळ्यात आधी शिफारस करतात त्या जीपीआरडब्ल्यू पॅचबद्दल. बोर्डाच्या एसीपीआयमध्ये घंटेची नोंद देणाऱ्या पद्धतीचं नाव बदलायचं, तिच्या जागी आपली एसएसडीटी ठेवायची आणि ६डीची घंटा कोणालाच वाजवता येणार नाही असं उत्तर द्यायचं. लगेच उठणं याने बहुतेक वेळा थांबतं. पण ती घंटा यूएसबीचीही आहे, त्यामुळे कीबोर्डची कळ दाबून मशीन उठवणं जातं आणि पॉवरचं बटण दाबावं लागतं. दादाच्या मशीनवर हा पॅच लावलाच नाही. चुकीचा यूएसबी नकाशा आणि वॉम्प तसेच ठेवून वरून पॅच टाकला असता तर तक्रार थांबली असती, पण ब्लूटूथ चुकीच्या जातीतच राहिलं असतं. खरी कारणं दूर करूनही मशीन उठत राहिलं असतं, तरच मी तिकडे वळलो असतो.

वीज जाण्याचा मुद्दा शेवटी निघाला. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद होते, म्हणून दादाचा यूपीएस यूएसबीने मशीनला जोडलेला आहे. तो असा जोडला की मॅकओएस त्याला स्वतंत्र वीजस्रोत मानतं आणि त्याची सेटिंग वेगळी ठेवतं. झोपेची सगळी सेटिंग फक्त मुख्य विजेसाठी लावली होती, यूपीएसवर गेल्यावर जुनीच लागू व्हायची. सगळ्या स्रोतांसाठी एकत्र लावण्याचा पर्याय वापरून ती पुन्हा लावली.

वॉम्प बंद केल्याची किंमत आहे. बाहेरून मशीन उठवून फाइल घेणं आता जमत नाही. "मग बाहेर जाताना ते चालूच ठेवतो," असं दादा म्हणाला, आणि त्याच्या कामाला ते चालतं. व्हेंचुरावरून सोनोमा या पुढच्या आवृत्तीला मात्र त्याने जाऊ नये असं मी सांगितलं आहे. सोनोमाने त्याच्या ब्रॉडकॉम कार्डाच्या वायफायचा आधार काढून टाकला. तो परत आणायला सिस्टिमच्या मूळ भागाला पॅच लावावा लागतो आणि मॅकओएसची सुरक्षा अंशतः सैल करावी लागते. एवीतेवी इंटेल यंत्रांसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. लॉजिकच्या नव्या आवृत्त्या आता व्हेंचुरावर बसत नाहीत. दादा कामासाठी लॅनच वापरतो, त्यामुळे उद्या नवी आवृत्ती घ्यायची गरज पडली, तर वायफाय सोडून पुढे जायचं की खरा मॅक मिनी घ्यायचा हे तेव्हा ठरवू. नवा ईएफआय त्याच्याकडे दोन पेनड्राइव्हवर आहे. सोबत बोर्डाच्या कुठल्या भोकाला कुठला क्रमांक, याचा हाताने काढलेला कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.